पाठचा भाऊ

अंडी मी सकाळीच पिळून घेतली.
काल संध्याकाळी इंजेक्शन दिलेली बेडकी, मागच्या पायांना नखं असलेली,
आमच्याकडे जिला सगळे प्लाटाना म्हणतात,
ओल्या साबणासारखी हातातून निसटत होती.
आयडाज व्हॅलीच्या शेततळ्यांत हीच जात
आम्ही पत्र्याच्या डब्यात धरायचो,
मी आणि गर्शन, माझा पाठचा.

आता बशीत हजारेक दाणे. वर काळे, खाली पिठासारखे.
शुक्राणू शिरला तिथे बारीक ठिपका.
मग कुणीही न ढकलता
अंड्याची साल आतल्या ऐवजावरून सरकते.
तीस अंश, फार तर.
बरणीचं झाकण जरासं फिरावं, तेवढं.
पाठ कुठे होणार
ते पहिली चीर पडायच्या आत ठरलेलं असतं.

एक किनेज आहे. एन्झाइम. पेशीभर पसरलेलं.
काम कारकुनाचं:
कटेनिन दिसलं की फॉस्फेटचा ठप्पा,
ठप्पा पडला की ते मोडीत.
पुन्हा बनतं, पुन्हा ठप्पा, पुन्हा मोडीत.
पोट ह्या नकारातूनच होतं.
फक्त एका कडेला, साल जिकडे सरकली तिकडे,
कुणीतरी कारकुनाचा हात धरतं.
तिथलं कटेनिन वाचतं, साचतं, केंद्रकात शिरतं,
आणि तिथे पाठ होते.

डॉक्टर ओप्परमन फळ्यावर बाण काढतात,
आणि मधूनच एक बोथट रेघ.
बोथट रेघ म्हणजे थांब.
थांब म्हणणाऱ्याला थांबवलं की चाल,
एवढं कळायला मला सहा महिने लागले.
माझं शिक्षण बेडकांच्या टाक्या धुण्यापासून सुरू झालेलं.

बत्तीस पेशी झाल्या की एक बशी लिथियममध्ये.
सहा मिनिटं, घड्याळ लावून.
लिथियम सगळीकडचे हात धरतं.
मग पाठ कुठे, हा प्रश्नच उरत नाही.
तिसऱ्या दिवशी भिंगाखाली नुसती मुंडकी,
भोवती डोळ्याचं काळं कडं,
शेपूट नाही.
पोहायला काही नाही.

फेब्रुवारीत, वेलींवर घड लगडलेले असताना,
गर्शनने रात्री टॉर्च लावून तीन ओळी छाटल्या.
छाटणी जुलैत असते. त्याला हे माहीत होतं,
मळ्यावर सर्वांत सफाईदार हात त्याचाच.
नऊ रात्री झोपला नव्हता.
सकाळी मातीत द्राक्षं आणि मधे तो,
बोलतोय, बोलतोय,
हातपाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे.

तेव्हापासून रात्री साडेआठला गोळी.
जे मीठ माझ्या बशीत नुसती डोकी करतं
तेच त्याला त्याचं बाकीचं अंग परत देतं.
मी डॉक्टरांना विचारलं, तिथेही हाच कारकून का?
बहुधा, म्हणाल्या. मग चष्मा पुसत राहिल्या.
नक्की कुणालाच माहीत नाही, म्हणाल्या.

शुक्रवारी तो मला न्यायला येतो.
आज आत आला. बाटली उचलून बघितली:
मासे खारवायचं मीठ वाटतंय.
किती वेळ बुडवतेस?
सहा मिनिटं.
मी अकरा वर्षं, म्हणाला, आणि हसला,
आईसारखा, एका बाजूने.

मी त्याला न बुडवलेली बशी दाखवली.
तो वाकला. बशी धरायला हात पुढे केला,
हात थरथरतो त्याचा, गोळीमुळे,
दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात तरी थरथरतो.
पाण्यावर बारीक लाटा उठल्या
आणि सगळी पिल्लं, शेपट्या मारत,
एकदम वळली.
ए, म्हणाला, बघ.
मी म्हटलं, हलवू नकोस.
तो म्हणाला, मी नाही हलवत.